वापरलेली ऑल-व्हील ड्राइव्ह सेदान घेताना नेमके काय तपासावे?

वाटसरू

नमस्कार. कुटुंबासाठी एक वापरलेली सेदान घेण्याचा विचार गेले काही महिने चालू आहे. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि आई अशी पाच माणसे आहोत. रोजच्या वाटेवर एक लांब, वळणावळणाचा चढ आहे आणि वर्षातले चार-पाच महिने तो ओला व निसरडा असतो. आमची सध्याची गाडी पुढच्या चाकांवर चालते. त्या चढावर थांबून पुन्हा निघायची वेळ आली की तिची चाके जागच्या जागी फिरतात, आणि मागे मुले बसलेली असताना तो प्रसंग मला पुन्हा नको आहे. उंच गाड्यांत धाकट्याला हमखास गाडी लागते, म्हणून सेदानच हवी, पण चारही चाकांना ओढ असलेली, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह, असे घरात ठरले.

पाहिलेली गाडी ९ वर्षांची, ऑटोमॅटिक, १,१८,००० किमी चाललेली आणि एकाच मालकाने वापरलेली आहे. रंग उत्तम आहे, आतून स्वच्छ आहे, आणि २० मिनिटे चालवून पाहिली तेव्हा कसलाही आवाज आला नाही. मॉडेलचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एका गाडीबद्दलचे मत नको असून तपासण्याची पद्धत समजून घ्यायची आहे. इंजिन कसे पाहायचे हे मला थोडेफार कळते. मागच्या चाकांपर्यंत शक्ती नेणारा भाग मात्र माझ्यासाठी पूर्णपणे नवा आहे. त्यात काय बिघडते, ते बाहेरून कसे ओळखावे, आणि इतक्या जुन्या गाडीत हा जास्तीचा पसारा घेणे शहाणपणाचे आहे का, हे कृपया अनुभवी सदस्यांनी सांगावे.

जुनाजाणता

बॉनेट उघडण्याआधी खाली वाकून चारही टायर पाहा. सामान्य गाडीत पुढचे दोन टायर नवे आणि मागचे दोन झिजलेले असले तर फारसे बिघडत नाही. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत मात्र चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि जवळजवळ सारखेच झिजलेले असावे लागतात, कारण पुढची आणि मागची चाके शाफ्टने, म्हणजे शक्ती नेणाऱ्या फिरत्या दांड्याने, एकमेकांशी जोडलेली असतात. झिजलेला टायर व्यासाने लहान होतो, त्यामुळे तेवढ्याच अंतरात तो अधिक फेऱ्या मारतो. हा फरक कुठेतरी मुरावा लागतो, आणि तो मुरतो मधल्या डिफरन्शियलमध्ये (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरांच्या रचनेत) किंवा क्लचमध्ये.

नक्षीच्या खाचांची खोली मोजणारे छोटे साधन सोबत न्या. प्रत्येक टायरवर आतल्या कडेला, मध्यभागी आणि बाहेरच्या कडेला अशा तीन ठिकाणी मोजा आणि आकडे लिहून ठेवा. टायरच्या बाजूवर कोरलेल्या क्रमांकातले शेवटचे चार अंकही टिपा. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला आहे. चार टायरांवर चार वेगवेगळी वर्षे दिसली, तर आधीच्या मालकाला आपल्या गाडीची यंत्रणा समजलेली नव्हती असे मी मानतो, आणि मग त्याने डिफरन्शियलचे ऑईल वेळेवर बदलले असेल यावरही माझा विश्वास बसत नाही.

रानवारा

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. सुटा टायर पंक्चर होऊन फाटला की बहुतेक जण एकच नवा बसवतात, आणि तिथूनच दुखणे सुरू होते. डिकीतले लहान आकाराचे तात्पुरते चाक लावून किती अंतर कापले, हेही मालकाला अवश्य विचारावे.

आरी

फरक किती पडतो याचा अंदाज यावा म्हणून साधा हिशेब मांडतो. टायरची त्रिज्या ३३० मिमी धरली तर परीघ सुमारे २.०७ मीटर येतो आणि चाक एका किमीत सुमारे ४८२ फेऱ्या मारते. तोच टायर ३ मिमी झिजला की त्याच अंतराला सुमारे ४८७ फेऱ्या लागतात. म्हणजे दर किमीला साडेचार फेऱ्यांच्या आसपास फरक पडतो, आणि १०,००० किमीमध्ये तो ४४,००० फेऱ्यांवर जातो. गाडी अगदी सरळ रस्त्यावर चाललेली असतानाही मधला क्लच तेवढा घासत राहतो.

सुबारू या जपानी कंपनीची शिफारस अशी आहे, की चार टायरांच्या परिघांत पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६.४ मिमीपेक्षा जास्त फरक नसावा. परिघातला हा फरक त्रिज्येत मोजला तर जेमतेम १ मिमी भरतो. डोळ्यांनी तो दिसत नाही, म्हणून जुनाजाणता यांनी सांगितलेले मोजमाप टाळू नये.

शिशिर

एक मूलभूत शंका मांडतो आणि ती विरोधासाठी विरोध म्हणून घेऊ नये. चारही चाकांना ओढ असली की गाडी निघते चांगली, पण थांबते पूर्वीसारखीच. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात, आणि थांबण्याचे अंतर टायर व रस्ता यांच्यातल्या घर्षणावर ठरते. मी अनेक वर्षे बर्फाच्या रस्त्यांवर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी चालवली. हिवाळी टायर लावल्यावर मला कुठेही अडकून पडावे लागले नाही. हिवाळी टायरांचे रबर थंडीतही मऊ राहते, तर उन्हाळी टायर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतात. वाटसरू यांनी आधी चांगले टायर घेऊन त्याच चढावर आपली जुनी गाडी चालवून पाहावी असे मला वाटते. जास्तीचे वजन, जास्तीचे इंधन आणि जास्तीची दुरुस्ती या तिन्ही गोष्टी जोपर्यंत गाडी आहे तोपर्यंत चिकटतात.

रानवारा

शिशिर, टायरांविषयी तुम्ही म्हणता ते अगदी खरे आहे, पण चढावर प्रश्न वेगळा असतो. चढावर वजन मागे सरकते आणि पुढची चाके हलकी होतात. म्हणजे जी चाके गाडी ओढतात त्यांच्यावरचाच भार कमी होतो. त्यात पाच माणसे आणि डिकीत सामान असले तर मागचे टोक आणखी खाली बसते. नव्या टायरांनी फायदा होईल, पण मागची चाके ढकलू लागल्याने जो फरक पडतो, तो टायर बदलून मिळणार नाही. थांबण्याबाबत मात्र तुमचा इशारा प्रत्येकाने लक्षात ठेवावा, कारण सहज निघणाऱ्या गाडीत रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळत नाही आणि वेग वाढतो.

निरीक्षक

‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ हे एक नाव असले तरी त्याखाली निदान तीन वेगळ्या यंत्रणा येतात, आणि कोणती यंत्रणा आहे हे कळल्याशिवाय तपासणी नीट करता येत नाही.

पहिल्या प्रकारात मध्यभागी खरे डिफरन्शियल असते आणि पुढे-मागे शक्ती सतत जाते. १९८० सालच्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली ऑडी क्वाट्रो याच जातीची होती. तिचे मधले डिफरन्शियल चालकाला हाताने लॉक करावे लागे, आणि पुढे त्या जागी टॉर्सेन हे पूर्णपणे गिअरांवर चालणारे डिफरन्शियल आले. हा भाग अतिशय दणकट असतो. मॅन्युअल गिअरच्या अनेक सुबारू गाड्यांत मधल्या डिफरन्शियलला व्हिस्कस कपलिंगची, म्हणजे पुढच्या-मागच्या गतीतला फरक आवरणाऱ्या भागाची, जोड असते. त्यात सिलिकॉनचे दाट द्रव असते. हे द्रव म्हातारे झाले की कपलिंग कायमचे घट्ट होऊन बसते.

दुसऱ्या प्रकारात गाडी मुळात पुढच्या चाकांवर चालते आणि मागच्या डिफरन्शियलजवळ तेलात बुडालेल्या चकत्यांचा क्लच असतो. गरज पडली की पंप तेलाचा दाब वाढवतो, चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि मागची चाके जोडली जातात. हॅल्डेक्स या नावाने ओळखले जाणारे कपलिंग हेच. फोक्सवॅगन, स्कोडा आणि व्होल्वो यांच्या अनेक गाड्यांत ते आहे. त्याचे ऑईल एक लिटरहूनही कमी असते, आणि एवढ्याशा ऑईलात चकत्यांची सगळी झीज साठते. पाचव्या पिढीच्या कपलिंगात बदलता येणारा वेगळा फिल्टर राहिला नाही. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी आहे, ती चोंदली की पंपावर ताण येतो आणि तो निकामी होतो. म्हणून ऑईल बदलल्याची पावती पाहताना पंप काढून जाळी साफ केली होती का, हा प्रश्न मी नेहमी विचारतो.

तिसऱ्या प्रकारात मूळ गाडी मागच्या चाकांची असते आणि गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस, म्हणजे शक्ती पुढे आणि मागे वाटणारी पेटी, असते. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक सेदानांतली एक्सड्राइव्ह अशी आहे. तिथेही चकत्यांचा क्लच आणि त्याचे स्वतंत्र ऑईल असते.

गाडीच्या पाठीवरच्या नावावरून यातले काहीच कळत नाही. क्वाट्रो हेच नाव ऑडीच्या ए३मध्ये हॅल्डेक्स पद्धतीच्या कपलिंगसाठी वापरले गेले, आणि २०१६पासून आलेल्या क्वाट्रो अल्ट्रामध्ये गरज नसताना मागचा भाग सुटा होतो. त्यामुळे गाडीच्या चासी क्रमांकावरून सुट्या भागांची यादी काढून पाहावी.

आरी

निरीक्षक, उत्तम माहिती. एक पुरवणी जोडतो. सुबारूच्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत हा क्लच मागे नसून गिअरबॉक्सच्याच घरात, शेपटाकडच्या भागात असतो आणि त्याला गिअरबॉक्सचेच ऑईल मिळते. तिथे गिअरबॉक्सच्या ऑईलची अवस्था पाहिली की दोन्हींची पाहणी होते.

पाऊलवाट

माझा अनुभव सविस्तर लिहिते, कारण इथे अजून एक बाब आलेली नाही. या यंत्रणेला दोन प्रकारचे मरण असते. पहिल्यात क्लच चिकटून बसतो. तो ओळखता येतो, कारण गाडी तक्रार करते. दुसऱ्यात क्लच जोडलाच जात नाही, आणि तेव्हा गाडी अगदी शांत असते. कोरड्या रस्त्यावर ती उलट अधिक हलकी आणि छान वाटते, कारण ती आता फक्त पुढच्या चाकांवर चालत असते.

मी घेतलेल्या गाडीत हेच झाले होते. चालवून पाहिली तेव्हा एकही दिवा लागलेला नव्हता. पहिल्या मोठ्या पावसात ओल्या उतारावरून वर निघताना पुढची चाके फिरली आणि मागच्यांनी काहीच केले नाही. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवली, तेव्हा गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा शाफ्टच तिथे नव्हता. आधी कधीतरी मधले बेअरिंग आवाज करू लागले असावे आणि दुरुस्तीऐवजी कोणीतरी तो शाफ्ट काढून ठेवला असावा. विकत घेण्याआधी मी एकदा गुडघे टेकून खाली पाहिले असते तर ते मला सहज दिसले असते. वाटसरू, आवाज आला नाही हे तुम्ही समाधानाने लिहिले आहे, म्हणून मला हे लिहावेसे वाटले. आवाज न येणे हा या भागाच्या तब्येतीचा पुरावा नाही.

चारचाकी

मागची ओढ आहे की नाही हे घरीच पाहायचे असेल तर पुढचे एक चाक जॅकवर उचलावे आणि गाडी गिअरमध्ये टाकावी. मागची चाके गाडी हलवू लागली तर यंत्रणा चालू आहे.

जुनाजाणता

चारचाकी, कृपया हा सल्ला कोणी अमलात आणू नये. यंत्रणा चालू असेल तर तुमच्याच म्हणण्याप्रमाणे गाडी पुढे सरकेल, म्हणजेच ती जॅकवरून पडेल. ही परीक्षा चारही चाके हवेत असलेल्या लिफ्टवर, जाणकार माणसाने करायची आहे. याच कारणाने अशा गाडीची दोन चाके जमिनीवर ठेवून ती ओढूनही नेत नाहीत. ती चारही चाकांसह सपाट फळीच्या ट्रकवर चढवावी लागते. मालकाने ती कधी टोचन करून नेली होती का, हेही विचारण्यासारखे आहे.

चारचाकी

चूक लक्षात आली. माझा वरील प्रतिसाद कोणीही सल्ला म्हणून घेऊ नये.

जुनाजाणता

आता सुरक्षित परीक्षा सांगतो. कोरडी, कडक, मोकळी जागा शोधा. खडी किंवा माती नको, कारण तिथे चाके घसरून दोष लपवतात. गाडी १५-२० मिनिटे चालवून गरम झाली की स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि चालण्याच्या वेगाने दोन पूर्ण गोल घ्या. मग दुसऱ्या बाजूने तसेच करा, आणि उलट्या गिअरमध्येही करा. वळताना पुढची चाके मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची लहान वर्तुळावरून, म्हणून पुढच्या आणि मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या गतीने फिरू द्यावे लागते. मधला भाग मोकळा होत नसेल तर गाडी अडते, आचके देते किंवा ब्रेक लावल्यासारखी जड होते. याच वेळी खिडकी उघडी ठेवा. टकटक असा ठेका ऐकू आला तर तो पुढच्या चाकांच्या सांध्यांचा असतो, आणि ते दुखणे वेगळे आहे.

त्यानंतर सरळ रस्त्यावर ८० ते १०० किमी वेगाला पाय पेडलवरून काढा. मागून येणारा घुमणारा सूर पाय काढताच बदलत असेल तर मागच्या डिफरन्शियलचे गिअर पाहावे लागतील. मागच्या सीटवर जाणकार माणसाला बसवले तर हे अधिक चांगले कळते.

तिसरीरांग

कुटुंबाची गाडी आहे, म्हणून आसनांबद्दल लिहिते. मागे शाफ्ट न्यायचा असल्याने अनेक गाड्यांत मागच्या जागेच्या मधोमध जमिनीवर उंचवटा येतो. मधल्या माणसाला पाय फाकवून बसावे लागते. पाचवे माणूस रोज बसणार असेल तर हा त्रास रोजचा होतो. काही मॉडेलांत याच यंत्रणेपायी डिकीचा तळही वर उचललेला असतो. मुलांची आसने सोबत न्या, ती प्रत्यक्ष बसवा आणि मग मधे कोण, किती आरामात बसू शकते ते पाहा. आम्ही हे न करता गाडी घेतली, आणि थोरल्या मुलाची उंची वाढल्यावर आसनांची व्यवस्था पुन्हा सगळी बदलावी लागली.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद छापून सोबत घेतले आणि एका स्वतंत्र मेकॅनिकला बरोबर नेऊन काल गाडी पुन्हा पाहिली.

पुढच्या टायरांची नक्षी ४.५ मिमी आणि मागच्यांची ८ मिमी भरली. मागचे दोन्ही नवे आणि वेगळ्या कंपनीचे आहेत. आरी यांच्या हिशेबाने दर किमीला पाचाहून अधिक फेऱ्यांचा फरक होतो. पूर्ण स्टीअरिंग वळवून गोल घेतला तेव्हा पहिल्या वेळी काही जाणवले नाही, पण गाडी गरम झाल्यावर तिने स्पष्ट आचके दिले. पहिल्या भेटीत मी एकदाही असे वळण घेतले नव्हते, हे आता लक्षात येते. लिफ्टवर शाफ्ट जागेवर होता आणि गळती नव्हती. मालकाच्या परवानगीने कपलिंगमधले थोडे ऑईल काढले, तर ते काळे होते आणि त्याला करपल्याचा वास होता. मेकॅनिकने स्कॅनर लावला, तेव्हा एकही दोष नोंदलेला नव्हता, पण उत्सर्जनाशी संबंधित बहुतेक स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसत होत्या. त्याच्या मते कोणीतरी नुकतेच दोष पुसले असावेत किंवा बॅटरी काढली असावी, कारण त्या चाचण्या पूर्ण व्हायला गाडी बरेच अंतर वेगवेगळ्या वेगांनी चालावी लागते.

मालकाचे म्हणणे आहे, की टायर बदलले आणि ऑईल बदलले की आचके जातील. हे खरे असू शकते का?

निरीक्षक

खरे असू शकते. ऑईल जळाले की चकत्या अलगद सरकण्याऐवजी अडखळत सरकतात, आणि ताज्या ऑईलने अनेकदा ते थांबते. परंतु चकत्यांचा थर आधीच करपला असेल तर नवे ऑईल थोडे दिवस दोष झाकते आणि तो परत येतो. कोणते खरे, हे दुरुस्तीआधी बाहेरून ठरवता येत नाही. मालकाला एवढी खात्री असेल तर त्याने आधी चार सारखे टायर आणि नवे ऑईल घालावे, तुम्ही ५०० किमीनंतर पुन्हा गोल घेऊन पाहावे, आणि मग बोलणी करावीत.

पाऊलवाट

मला आचक्यांपेक्षा त्या पुसलेल्या नोंदींची काळजी वाटते. आचके वयाने येतात, पण नोंदी कोणाच्या तरी हातूनच पुसल्या जातात. बॅटरी बदलली असेल तर तिची पावती दाखवता यायला हवी.

शिशिर

पाऊलवाट यांच्याशी सहमत. माझा मूळ आग्रह अजूनही टायरांचाच आहे, पण ऑल-व्हील ड्राइव्ह घ्यायचीच ठरली असेल तर नोंदी असलेली दुसरी गाडी शोधावी.

वाटसरू

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. बॅटरीची पावती मिळाली नाही आणि आधी दुरुस्ती करून द्यायला मालक तयार झाला नाही, म्हणून ती गाडी सोडली.

दुसरी पाहिली ती ७ वर्षांची आणि १,३१,००० किमी चाललेली. आकडा मोठा असल्याने महिन्यापूर्वी मी ती दारातूनच नाकारली असती. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच महिन्यातले, आणि बारा ठिकाणी मोजून ४.८ ते ५.२ मिमीच्या आत भरले. कपलिंगचे ऑईल दोनदा बदलल्याच्या पावत्या आहेत, आणि दुसऱ्या पावतीवर पंपाची जाळी साफ केल्याची नोंद आहे. गोल घेताना दोन्ही बाजूंना आणि उलट्या गिअरमध्येही गाडी मोकळी फिरली. मागच्या डिफरन्शियलच्या सीलजवळ थोडा ओलावा होता. तो मालकाने न विचारता सांगितला आणि सील बदलून दिले.

मुलांची आसने बसवून पाहिली. तिसरीरांग म्हणाल्या तसा मधला उंचवटा आहेच, त्यामुळे आई पुढे आणि आम्हा दोघांपैकी एक जण मागे मधे बसेल असे ठरले. परवा पाऊस पडत असताना पाचही जण बसून त्या चढावर मुद्दाम थांबलो. निघताना पुढची चाके क्षणभर घसरली, मागून हलका रेटा आला आणि गाडी वर गेली. आईला थांबलो होतो हेच कळले नाही. गाडी घेतली आहे.

शिशिर, उतरताना तुमचे म्हणणे आठवले आणि मी पूर्वीच्याच वेगाने उतरलो. ओल्या रस्त्यासाठी चांगले चार टायर, चारही एकदम, या महिन्यातच घालणार आहे.

निरीक्षक

अभिनंदन. कपलिंगचे ऑईल शेवटचे कधी बदलले होते?

वाटसरू

१,१२,००० किमीला, पावणेदोन वर्षांपूर्वी. मेकॅनिकने पुढचे १,४५,०००ला किंवा तीन वर्षे पूर्ण होतील तेव्हा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलायला सांगितले आहे. दोन्ही आकडे लिहून डिकीच्या झाकणाच्या आत चिकटवले आहेत.